करंजासाठी स्थळ

अन्याय झाला तो शेवंताबाईंवर. कधी, तर यंदाच्या अक्षय्य तृतीयेला, सकाळी, त्यांची कोथिंबिरीची पहिली जुडीसुद्धा विकली गेली नव्हती तेव्हा. त्या मुहूर्तावर लोक सोनं घेतात. पुण्यातल्या आमच्या चौकात करवत चालली. दुपारची जेवणं व्हायच्या आत रस्तारुंदीच्या नावाखाली कडुलिंब आडवा झाला आणि शेवंताबाई उन्हात आल्या. मी शाळेत जात होते तेव्हापासून त्या झाडाखाली त्यांची भाजीची पाटी आहे. आता त्या एका विमा एजंटाने फुकट दिलेल्या छत्रीखाली बसतात. सकाळ संपायच्या आत पालेभाजी माना टाकते, आणि सहा आसनी रिक्षांचा काळा धूर, जो आधी निदान पानांवर बसायचा, तो थेट त्यांच्या छातीत जातो.

आम्ही अर्थातच पत्रक काढलं. 'सावली कुणाच्या बापाची?' हे शीर्षक माझं. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी ते आमच्यासमोर शेवटपर्यंत वाचलं, 'भाषा छान आहे तुमची' म्हणाले आणि चहा मागवला. विरोधकाला चहा पाजणं ही किती नीच चाल आहे हे ज्याने चळवळ केली त्यालाच कळेल. मग म्हणाले, नव्या फूटपाथवर खड्डे खणून तयार आहेत, ठेकेदार पावसाच्या तोंडावर गुलमोहर लावणार आहे. तुम्हाला दुसरी झाडं हवी असतील तर त्याच्या आधी आणा आणि लावा, माझी हरकत नाही.

म्हणजे आम्ही जिंकलो. जिंकल्यावर काय करायचं याचं पत्रक आमच्याकडे नव्हतं.

कोणतं झाड लावायचं यावर चौकातच बैठक झाली. एकाला पूजेसाठी चाफा हवा होता. एका निवृत्त काकांना नारळ हवा होता, कारण तो कोकणातल्या घराची आठवण देतो. एक बाई बहाव्यासाठी अडून बसल्या. बहावा चैत्र-वैशाखात पानं गाळून उभा राहतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच तो नेमका उघडा, हे आमच्या प्रकाशने सांगितलं तर 'पण फुलं किती सुंदर' असं उत्तर आलं. प्रकाश वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतो आणि झाडाचं लॅटिन नाव कळल्याशिवाय त्याच्या सावलीत बसत नाही. रस्त्यापलीकडून हे सगळं ऐकणाऱ्या शेवंताबाईंनी शेवटी तराजू खाली ठेवला.

"वरकुट्याला जा माझ्या भावाकडं. आमी मेंढरामागं हिंडलेली माणसं. तुमी जेवढं खुर्चीत बसला नसाल तेवढं आमी झाडाखाली बसलोय."

म्हणून मी आणि प्रकाश स्वारगेटला लाल गाडीत बसलो.

कन्हेरी

बारामतीला मी चिडायच्या तयारीने गेले होते. चिडायला आलेल्या माणसाला गुळगुळीत रस्ता फार खटकतो. वाटेत कालव्याचं पाणी, हिरवागार ऊस, द्राक्षांचे मांडव, शहरात शिरताना स्वच्छ दुभाजक. माझा सगळा आवेश स्टँडवरच्या उसाच्या रसात विरघळायला लागला होता. तो वाचवला कन्हेरीच्या रोपवाटिकेने, जिथे आम्ही वरकुट्याच्या वाटेवर रोपांची चौकशी करायला थांबलो.

मालक पस्तिशीचा होता, डोक्यावर कीटकनाशकाच्या कंपनीची टोपी. पुण्यात अनोळखी माणूस दारात आला की आपण विचारतो, 'काय काम आहे?' इथे विचारतात, 'जेवलाय का?' पुण्यात निदान कामाचं उत्तर मिळतं. इथे आधी गड्यांबरोबर बसवून बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाऊ घातला, आणि काम काढलं तेव्हा मालक हसायला लागला.

"कडुलिंबाची रोपं? ताई, कडुलिंब कोण इकत घेतंय? संडासाच्या भिंतीत फुकट उगवतंय ते."

त्याच्याकडे डाळिंब होतं, लिंबू होतं, बंगलेवाल्यांसाठी उंच अशोकाच्या रांगा होत्या. आणि पलीकडे शेडनेटखाली पिशव्यांचं एक रानच होतं, नाजूक पिसांसारख्या पानांचं. मी विचारलं हे काय. गुलमोहर, तो म्हणाला, तुमच्याच पुण्याची ऑर्डर आहे, रस्त्याकडेला लावायला.

आमच्या खड्ड्यांत बसायला निघालेला गुलमोहर माझ्यासमोर उभा होता आणि माझ्या पोटात त्याच्या मालकाची भाकरी होती. तरी मी बोलले. गुलमोहर परदेशातला, वादळात फांद्या मोडून स्कूटरवर पाडणारा, ऐन उन्हाळ्यात पानं टाकणारा, धूळ धरायला पानात जागाच नसलेला. पत्रकातले तीन परिच्छेद मी तोंडपाठ म्हणून दाखवले. गडी जेवायचे थांबून ऐकत होते. मालकाने सगळं मान्य केलं, अगदी प्रत्येक मुद्दा.

"तुमचं खरं हाय. पर लाल फूल दिसलं की साहेब खूश. कडुलिंबाचा फोटु येत न्हाय."

एवढं बोलून त्याने प्रकाशच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. माझ्या आजवरच्या सगळ्या विरोधकांत हा सर्वांत प्रामाणिक.

वरकुटे

वरकुटे इंदापूर तालुक्यात. आधी एसटी, मग कांद्याच्या पोत्यांवर बसून टेम्पो. टेम्पोत प्रकाशने वाटेतली झाडं मोठ्याने लॅटिनमध्ये ओळखायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या म्हातारीने तो मंत्र म्हणतोय समजून हात जोडले. तो थांबला नाही.

शेवंताबाईंचे थोरले भाऊ ज्ञानूतात्या. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, आता ऊस आणि कांदा. चार शेळ्या तेवढ्या राहिल्यात. घर नवं, स्लॅबचं. दाराशी दोन उंच अशोक, हवालदारासारखे ताठ, ज्यांच्या सावलीत एक कोंबडीसुद्धा पुरती मावत नव्हती. तात्यांनी आम्हाला बसायला नेलं ते मागे, शेळ्यांच्या छपरात. घरातली सगळी माणसं तिथेच होती.

मला राहवलं नाही. विचारलं, "तात्या, बांधावर एखादा कडुलिंब नाही का?"

तात्या मिशीवरून हात फिरवत कालव्याच्या पाण्याविषयी बोलू लागले. आतून त्यांच्या कारभारणीचा, रखमाकाकूंचा आवाज आला.

"ह्यांनीच तोडलाय. उसावर सावली पडती म्हणून. आन् आता दुपारी उसात बसायला जागा मिळती का, इचारा."

"अगं, पाव्हणी आलीया…"

"पाव्हणी झाडाचंच इचारतीया की."

माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. गुन्हेगार समोर, साक्षीदार घरातला. मी तात्यांना तो कडुलिंब, गावाची जबाबदारी, पुढची पिढी, हे सगळं ऐकवलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर तांब्या पुढे सरकवला.

"झालं? घ्या, पाणी प्या. आमी तोडला तर उसासाठी तोडला. तुमी कशासाठी तोडला?"

मी म्हटलं, आम्ही नाही, ठेकेदाराने.

"त्यो काय चंद्रावरून आलता व्हय?"

मग झाडाची निवड सुरू झाली, त्यांच्या पद्धतीने. मेंढपाळाच्या घरात झाडाची परीक्षा जनावर घेतं. तुमच्या रस्त्यावर मोकाट गाई-शेळ्या असतील, तर ज्याला तोंड लागत नाही तेच झाड जगेल, बाकीच्याला पिंजरा घालावा लागेल, असं तात्यांचं म्हणणं. पुण्यातली मोकाट गाय काय काय खाते हे मला माहीत आहे, त्यामुळे मी लगेच होकार दिला. तात्यांनी हिंडून डहाळ्या आणल्या आणि शेळ्यांपुढे ओळीने टाकल्या. सुबाभूळ बघता बघता संपली. शाळेच्या आवारातून आणलेला गुलमोहर गेला. कडुलिंब कडू असूनही शेळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला, तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. करंजाची डहाळी तेवढी राहिली. एका शेळीने ती हुंगली, मान फिरवली, आणि माझ्या शबनममधून बाहेर आलेलं 'सावली कुणाच्या बापाची?' ओढून काढलं. दोन्ही बाजू खाल्ल्या. मग तिच्या मैत्रिणीने पिशवीतून उरलेला गठ्ठा काढला.

"करंजापरीस तुमचा कागद ग्वाड हाय म्हणायचा," तात्या म्हणाले.

काकूंना हसताना पदर तोंडाला लावावा लागला. प्रकाश इतका हसला की त्याला उचकी लागली. मी म्हटलं, निदान कोणीतरी पूर्ण वाचलं.

लोणी देवकरचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी आम्हाला लोणी देवकरकडे नेलं. तिकडे कारखान्यांची वसाहत उभी राहतेय आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरून ट्रकची रांग तुटत नाही. धूर, सिमेंटची धूळ, गरम वाफा, सगळं आमच्या चौकासारखं. चौकातलं झाड निवडायचं तर ते चौकासारख्या ठिकाणीच बघितलं पाहिजे, ही कल्पना प्रकाशची, आणि ती चांगली होती हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नाही.

रस्त्याकडेला जुने वड, चिंचा, कडुलिंब, ओढ्याजवळ करंज. प्रकाशने खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि प्रत्येक झाडाची पानं पुसत निघाला. रुमाल काळा होत गेला. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. एकाने क्लीनरला खाली पाठवून विचारलं, हा देवाचा नवस आहे का. करंजाचं पान पुसल्यावर असं चकचकीत निघालं की जणू आताच फुटलंय. प्रकाशने समजावलं, पान गुळगुळीत आहे, धूळ धरतं आणि एका सरीत धुऊन टाकतं. चैत्रात थोडे दिवस पानगळ होते, पण लगेच नवी पालवी येते, आणि वैशाखात सावली पुरी. उंची मध्यम, तारांना भिडायला वेळ लागेल.

तात्यांना हे सगळं पुस्तकी वाटलं. त्यांचं मत वडाला होतं. एक वड लावा, अख्खा चौक थंड, म्हणे. मग त्या दोघांची जी जुंपली ती रस्त्यावर एक मैलभर चालली. वडाच्या मुळ्या गटार फोडतील, प्रकाश म्हणाला. गटार दुसरीकडं न्या, तात्या म्हणाले. दुकानं पडतील. पडू द्या, दुकानाला सावली येती का? आमचा फूटपाथ तीन हात रुंद आहे, त्यात वडाची एक पारंबीही मावणार नाही, हे प्रकाशने रस्त्याकडेच्या मातीत काठीने रेघा मारून दाखवलं. तात्या त्या रेघांमध्ये उभे राहिले. हात पसरले. दोन्हीकडे हात बाहेर गेले.

"एवढ्यात माणसं चालत्यात?" त्यांनी विचारलं.

आम्ही हो म्हटलं. त्यांनी वडाचा विषय पुन्हा काढला नाही. परत येताना मात्र चिंचेखाली झोपलं की ताप येतो असं ठासून सांगत होते, आणि प्रकाश ते खोडून काढत होता, आणि दोघे चिंचेखालीच बसले होते.

रखमाकाकूंचं अंगण

करंजच लावायचा हे ठरलं. चौकाच्या कोपऱ्यावर, जिथे जागा आहे तिथे, एक-दोन कडुलिंब, पिंजऱ्यात. आता रोपं कुठून आणायची? तात्यांनी घराच्या पडवीकडे बोट केलं.

न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत करंजाची रोपं होती. रांगाच्या रांगा. ओढ्याकाठी यांचा एक जुना करंज आहे. मेंढरं होती तेव्हा खरूज झाली की त्याच्या बियांचं तेल लावायचे, म्हणून उसाच्या हव्यासातही त्या झाडाला तात्यांनी हात लावला नाही. मेंढरं गेली तरी काकू बिया गोळा करतात आणि रुजवतात. बांध पुन्हा झाडांनी भरायचा त्यांचा बेत आहे. तात्यांना तो माहीत नव्हता. आमच्यासमोरच कळला. ते पडवीत वाकून रोपं मोजायला लागले.

मी मागितली. किती आनंदाने मागितली काय सांगू. काकूंनी हात पदराला पुसले, आमच्यासमोर पाट मांडून बसल्या, आणि ज्या सुरात घरातली मोठी बाई मुलीच्या स्थळाची चौकशी करते त्या सुरात सुरुवात केली.

"घर कसलं हाय?"

मी म्हटलं, फूटपाथ.

"ते तीन हाताचं कळलं. डोक्यावर काय?"

विजेच्या तारा, केबल टीव्हीची वायर, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक.

"शेजार कसा?"

सहा आसनी रिक्षांचा थांबा, मी म्हटलं, आणि एक वडापावची गाडी, जी उरलेलं गरम तेल कुठे टाकते हे मला माहीत आहे पण मी सांगितलं नाही. काकूंनी माझ्या चेहऱ्यावरून ताडलं.

"उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?"

आमची समिती, मी म्हटलं.

"समितीला हात हायती?"

तात्या खोकल्यासारखं काहीतरी करून दुसरीकडे बघू लागले. काकू हसत नव्हत्या. त्यांनी सांगितलं की मागच्या पावसाळ्यात अशीच माणसं गाडी घेऊन आली होती, रोपं नेली, शाळेपुढे लावली, हार घातले, फोटो काढला. दिवाळीच्या आत सगळी वाळली. काकू स्वतः घागर घेऊन जात होत्या, पण शाळा लांब, गुडघे धरलेले. वाळलेल्या काड्या त्यांनीच उपटल्या.

"लग्नाला गाव असतंय, पोरी. नांदवायला कोण हाय ते सांग."

मला एकच नाव सुचलं. म्हटलं, शेवंतामावशी आहेत. दिवसभर तिथेच असतात. झाड त्यांच्यासाठीच तर आहे.

"ती घालंलच पाणी. मरस्तोवर घालंल. पर शेवंता आमची हाय, मुलीकडची. मुलाकडचं कोण हाय?"

मी प्रकाशकडे बघितलं. तो रोपांकडे बघत होता. माझ्या डोळ्यांपुढून आमची बैठक गेली, चाफावाले, नारळवाले काका, बहाव्याच्या बाई, चहाचे कप. त्यांतलं कोणाचं नाव घ्यावं? ज्याच्या दारासमोर खड्डा आहे आणि ज्याने अजून एकदाही तो वाकून बघितलेला नाही, अशा कोणाचं? पत्रकाच्या खाली 'आपले नम्र' लिहून मी नेहमी वेळ मारून नेली आहे. इथे पत्रक शेळीच्या पोटात होतं.

काकूंना उत्तर मिळालं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घर बघितल्याबिगर पोरगी द्यायची आमच्यात रीत न्हाय. येत्या रविवारी तात्या आणि त्या पहाटेच्या गाडीने पुण्याला येणार. जागा बघणार, खड्डे बघणार, आणि प्रत्येक खड्ड्याशी कोण उभं आहे ते बघणार. माणूस पटला तर रोपं टेम्पोने मागोमाग येतील. नाही पटला तर वरकुट्याच्या बांधाला झाडं हवीच आहेत.

"एक तरी रोप द्या की आता," मी म्हटलं. "नमुना म्हणून."

"पोरीचा नमुना देत्यात का गं?" काकू म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीत कांदे भरायला लागल्या.

परत

शेवंताबाईंसाठी काकूंनी दिलेली करंजाच्या तेलाची बाटली, कांदे, आणि एकही रोप नाही, असे आम्ही बारामती स्टँडवर उभे होतो. समोरून एक ट्रक गेला. मागे हिरवी नाजूक पिसं वाऱ्यावर डोलत होती. कन्हेरीचा तो टोपीवाला मालक ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने आम्हाला ओळखलं आणि हात हलवला. मीही हलवला. त्याचं खाल्लं होतं.

प्रकाश म्हणाला, ते गुलमोहर बहुधा आपल्या आधी पोहोचतील. मी म्हटलं, पोहोचू देत. खड्ड्याशी माणूस उभा असेल तर ठेकेदाराला त्याच्यावरून माती लोटता येणार नाही.

तर आता तुमच्याशी बोलते, चौकातल्या लोकांनो. तुम्ही, ज्यांनी माझं पत्रक छान आहे म्हणून फ्रिजला चुंबकाने लावलंय. तुमच्या दारासमोर एक खड्डा आहे. सध्या त्यात गुटख्याच्या पुड्या आणि शेजारच्यांच्या मुलाचा चेंडू आहे. शेवंताबाई उन्हात बसून तुम्हाला अजूनही चांगलीच कोथिंबीर देतात, वाळलेली स्वतःकडे ठेवतात. येत्या रविवारी सकाळी वरकुट्याहून एक म्हातारं जोडपं येईल आणि खड्ड्याखड्ड्याशी थांबेल. बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकून आत बघतील, मग वर तुमच्याकडे बघतील. भाषण करू नका. त्या चहाला भुलत नाहीत. चेंडू काढून ठेवा, पुड्या उचला, आणि घरातली बादली काठोकाठ भरून खड्ड्याशेजारी उभे राहा. त्या विचारतील, मुलाकडचं कोण? तुमचं नाव सांगा, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.